धाकटा भाऊ (वय २०) इंजिनिअरिंग अर्धवट सोडून घरी आलाय, दिवसभर पडून असतो. बाबा म्हणतात नाटकं करतो. त्याला डॉक्टरकडे कसं न्यावं?

"नाटकं" हा शब्द वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. हा शब्द मी आमच्या घरात दोनदा ऐकलाय.

मी लातूरला राहते, घरीच शिवणकाम करते. माझा भाचा, थोरल्या भावाचा मुलगा, मेडिकलची 'नीट' परीक्षा रिपीट करायला माझ्याकडे होता. लातुरात रिपीटरची पोरं गल्लोगल्ली, त्यामुळे लेकरू गप्प झालं तेव्हा मलाही आधी अभ्यासाचा ताणच वाटला. डबा तसाच परत यायला लागला. आधी भाजी उरायची, मग पोळ्या, मग तर झाकणच उघडलेलं नसायचं. रात्री तीनला उठलं तरी त्याच्या दाराखाली उजेड. पुस्तक उघडं, पण चार-चार दिवस तेच पान. अंघोळ कर म्हटलं की "करतो आत्या" म्हणायचा आणि तिथंच बसून राहायचा.

डिसेंबरात एकदा खोली झाडताना गादीखाली सरावाची ओएमआर शीट सापडली. एका प्रश्नाला एकच गोळा काळा करायचा असतो, एवढं मला त्याच्यामुळेच माहीत. त्यानं प्रत्येक प्रश्नापुढचे चारही गोळे भरले होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठं रेषेबाहेर न जाता, आणि इतकं दाबून की कागद उलटा केला तर बोटांना फुगवटे लागत होते. ती शीट मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले कुणास ठाऊक.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "नाटकं आहेत सगळी. तूच लाडावून ठेवलंस. चार दिवस हरभऱ्याला पाणी द्यायला पाठव, डोकं ठिकाणावर येईल."

मी चौदा वर्षांची असताना आमचे धाकटे काका असेच ओसरीवर भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. आजोबा सगळ्यांदेखत म्हणायचे, नाटकं करतो, कामाचा कंटाळा. एका पहाटे काका गेले. घरात आजही "पाय घसरला" एवढंच सांगतात. भाऊ तेव्हा अठराचा होता, त्याला सगळं ठाऊक आहे. त्या दिवशी फोनवर मी पहिल्यांदा बोलून दाखवलं, "दादा, काकांचा पाय घसरला नव्हता." त्यानं फोन ठेवला. आठ दिवस बोलला नाही.

त्या रात्री फॉल लावायची साडी घेऊन मी भाच्याच्या खोलीत जाऊन बसले. समोर नाही, शेजारी, भिंतीला टेकून. तासभर दोघंही गप्प. मग मान वर न करता, टाका घालता घालताच विचारलं, "जीव नकोसा होतो का रे? मरून जावंसं वाटतं?" जीभ उचलत नव्हती माझी. असं विचारलं की नसलेलं डोक्यात येतं, असं लोक म्हणतात. येत नाही. डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं. तो म्हणाला, "रोज वाटतं." आणि रडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मी त्याच्याच खोलीत झोपले. दाराची आतली कडी त्याला सांगून, त्याच्यादेखत काढली. घरातली औषधं कपाटात कुलपात टाकली. सकाळी १४४१६ ला फोन लावला. ही टेलिमानस, केंद्र सरकारनं २०२२ साली सुरू केलेली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. भाचा बोलेना, तर मीच बोलले. घरच्या माणसानं फोन केला तरी चालतो, तुम्ही आजच करा.

डॉक्टरकडं नेताना मी "मानसोपचार" शब्दावर अडून बसले नाही. "झोप लागत नाही ना तुला, तेवढं दाखवून येऊ" म्हटलं, आणि ते खरंच होतं. खोटं सांगून मात्र नेऊ नका, पुढच्या वेळी येणार नाही. भावाला मानसोपचार म्हटलं की थेट येरवडा दिसतो. आम्ही गेलो ते सरकारी दवाखान्याच्या साध्या ओपीडीत, केस पेपर काढून. त्यांनी थायरॉईडसुद्धा तपासायला लावलं, मग डिप्रेशनचं औषध सुरू झालं. पोलिसांची भीती घालणारेही भेटतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आहे: जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. आणि तुमच्या बाबांना पटवण्यात दिवस घालवू नका. तुमचा भाऊ सज्ञान आहे, त्याच्या उपचाराला बाबांची सही लागत नाही. बाबांचं पटणं मागाहून होईल, नाही झालं तरी चालेल.

माझा भाऊ तिसऱ्या तपासणीला आला. बाहेर बाकावरच बसला. परत जाताना बस स्टँडवर म्हणाला, "काका त्या पहाटे मला हाक मारून गेले होते. मी उठलो नाही." मी त्याचा हात धरून उभी राहिले. गाडी लागेपर्यंत दोघंही बोललो नाही.

राहिलंच, औषधाचं. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आठवड्यात फरक नाही म्हणून सोडायचं नाही आणि बरं वाटलं म्हणूनही मनानं बंद करायचं नाही. पंचविशीच्या आतल्या मुलांवर सुरुवातीचे काही आठवडे जास्तच लक्ष ठेवावं लागतं, मरणाचे विचार वाढलेले दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. तुमच्या भावाचं डिप्रेशनच असेल असं मी म्हणत नाही. कानात आवाज येतात का, काही नशा आहे का, हे डॉक्टर बघतील. आज रात्रीच धोका वाटला तर एकटं सोडू नका, जवळच्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा किंवा ११२ ला फोन करा.

भाचा सध्या बीएस्सी करतोय, डबा रिकामा आणतो. काही विचारायचं असेल तर इथंच लिहा, मी रात्री शिवण आवरलं की बघते.