आईच्या स्तनाच्या कॅन्सरचा रिपोर्ट ‘ट्रिपल निगेटिव्ह’ आलाय, म्हणजे कॅन्सर आनुवंशिक आहे का?

नाही, फक्त त्यावरून तसं म्हणता येत नाही. पण जनुकीय तपासणी करण्याइतका तो महत्त्वाचा धागा आहे. बीआरसीए-१ या जनुकात दोष असेल तर बहुतेक गाठी ट्रिपल निगेटिव्ह असतात, म्हणजे ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवरचे हॉर्मोन रिसेप्टर) आणि हर-२ (पेशींची वाढ घडवणारं प्रथिन) तिन्ही निगेटिव्ह. ग्रेड, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याचं माप, बहुधा ३ (सर्वांत वरचा) असतो. बीआरसीए-२ मध्ये उलट, बहुतेक गाठी ईआर पॉझिटिव्ह, अगदी आनुवंशिक नसलेल्या स्तनाच्या कॅन्सरसारख्याच. म्हणून ईआर पॉझिटिव्ह आलं की आनुवंशिकता बाद, असं धरू नका. ही चूक फार होते. हर-२ पॉझिटिव्ह दोन्हींत कमी दिसतं. सीए १५-३ या रक्तचाचणीचा इथे उपयोग नाही, ती आजारावर लक्ष ठेवायला असते.

खात्री रक्त किंवा लाळेच्या जनुकीय तपासणीनेच होते, आणि ती आधी आईची करा, तुमची नंतर. परळच्या टाटा रुग्णालयात दुसरं मत घ्यायला जाणार असाल तर रिपोर्टसोबत बायॉप्सीचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइडही लॅबमधून मागून न्या. नमुना तो टिकवणाऱ्या फॉर्मॅलिन द्रावणात सहा तासांपेक्षा कमी राहिला असेल तर ईआर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. अशा वेळी ईआर, पीआर, हर-२ हे मार्कर पुन्हा करून घ्यावे लागतात.