नोटिशीच्या माथ्यावर कलम कोणतं आहे?

गाडी तुम्ही चोरली नाही आणि तो मुलगा चोरी करणार आहे याची तुम्हाला कल्पना नव्हती, हे चार पानांच्या पत्रात तुम्ही पाच वेळा लिहिलंय. मला ते पटलं. पण ज्या एका गोष्टीवर तुमचं पुढचं सगळं ठरणार आहे, ती पत्रात कुठेच नाही. पोलिसांकडून आलेल्या कागदाच्या माथ्यावर कलम कोणतं आहे? 35, 94, की दोन्ही?

बाकीच्या वाचकांसाठी हकीकत थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी करतात आणि त्यांना कुलपांचा छंद आहे. 2019 च्या महापुरात सांगलीतल्या कितीतरी गाड्यांच्या बॅटऱ्या गेल्या, दारं उघडेनात. तेव्हा मदतीसाठी त्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. त्यात गॅरेजवाले आहेत, चावीवाले आहेत, मिरज-तासगाव-विट्याची हौशी पोरं आहेत. काच न फोडता बंद गाडीचं दार कसं उघडायचं, हे ते तिथं समजावून सांगतात. गेल्या महिन्यात ग्रुपमधल्या एका मुलानं खासगीत एका विशिष्ट मॉडेलबद्दल विचारलं आणि यांनी व्हॉइस नोट पाठवून सविस्तर उत्तर दिलं. चार दिवसांनी विश्रामबागेतून त्याच मॉडेलची गाडी गेली. मुलगा सापडला, त्याचा फोन जप्त झाला. मग एका बुधवारी यांच्या व्हॉट्सॲपवर पोलिसांच्या नोटिशीची पीडीएफ आली. गुरुवारी रात्री यांनी त्या मुलाबरोबरचं सगळं चॅट डिलीट केलं. शनिवारी हवालदार घरी येऊन तोच कागद हातात देऊन गेला. येत्या शुक्रवारी मोबाईलसह हजर राहायचं आहे. मेहुणे म्हणतात, व्हॉट्सॲपवरची नोटीस कोर्ट मानत नाही, जाऊ नका. आणि यांचा मला प्रश्न आहे, ‘आपल्याजवळची माहिती चारजणांना सांगणं हा गुन्हा आहे का?’

अशा अर्थाची पत्रं मला हल्ली वरचेवर येतात. कुणी मोबाईल अनलॉक करून देतो, कुणी वीजमीटर दुरुस्त करायला शिकवतो. सगळ्यांचा प्रश्न हाच असतो आणि सगळ्यांचा घोळ दुसऱ्याच ठिकाणी झालेला असतो.

तुमचा घोळ गुरुवारी रात्री झाला.

भारतीय न्याय संहितेचं कलम 241 नीट समजून घ्या. पुरावा म्हणून हजर करायला कायद्यानं भाग पाडता येईल असा दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण हे कलम दोन वाटांनी लागू होतं आणि मधे एक ‘किंवा’ आहे. पहिली वाट अशी की पुरावा समोर येऊ नये या हेतूनं तुम्ही तो नष्ट केला. हा हेतू सरकार पक्षाला सिद्ध करावा लागतो. दुसरी वाट अशी की ती नोंद हजर करा असं कायदेशीररीत्या सांगितल्यानंतर तुम्ही ती नष्ट केली. इथं हेतूची वेगळी छाननी लागत नाही, तारीख पुरते. म्हणजे बुधवारची पीडीएफ ही कायदेशीर बजावणी होती की नव्हती, यावर तुम्ही कुठल्या वाटेवर उभे आहात ते ठरतं.

मेहुण्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम 35 खालची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये सांगितलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये हरियाणा सरकारचा बदलाचा अर्ज फेटाळून पुन्हा तेच सांगितलं. नोटीस न पाळल्यास अटक होऊ शकते, माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, म्हणून कागद हातातच पडला पाहिजे. तेव्हा तुमच्या कागदावर फक्त 35(3) असेल, तर तुम्हाला नोटीस शनिवारी मिळाली, बुधवारी नाही.

पण त्याच संहितेत कलम 94 आहे. दस्तऐवज, इलेक्ट्रॉनिक संदेश, मोबाईलसारखं उपकरण हजर करा, असा लेखी आदेश ठाण्याचा प्रभारी अधिकारी त्याखाली देऊ शकतो. आणि तो आदेश कागदावर किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देता येतो, हे त्या कलमाच्या शब्दांतच आहे. हे मेहुण्यांनी वाचलेलं नाही. पीडीएफवर 94 असेल, तर बुधवारी तुम्हाला आदेश मिळाला आणि गुरुवारी तुम्ही चॅट उडवलं, असा अर्थ सरळ निघतो. ‘मोबाईलसह’ हा शब्द तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. माझी झोप त्या शब्दानं उडाली.

तेव्हाही सगळं संपत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला असा आदेश काढून स्वतःविरुद्ध कागद द्यायला भाग पाडता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1965 चा निकाल आहे. तो जुन्या संहितेवरचा आहे. तुम्ही अजून साक्षीदार आहात, संशयित आहात की आरोपी, यावर त्याचा उपयोग किती हे ठरेल. याचं खात्रीचं उत्तर मी कागद न बघता देणार नाही.

बरं, 94 नसलं तरी पहिली वाट उरतेच. बुधवारी पीडीएफ वाचली, गुरुवारी चॅट काढलं. बजावणी वैध नसली तरी तुम्हाला कळलं होतं, हे नाकारणार कसं? ‘घाबरलो होतो’ हे खरं असेल, पण हेतू नसल्याचा तो पुरावा नव्हे. मला राग येतो तो याचा की ते चॅट तुमच्याच बाजूचं होतं. तुम्हीच लिहिलंय की व्हॉइस नोटच्या सुरुवातीला ‘गाडी तुझ्याच नावावर आहे ना?’ असं तुम्ही विचारलं होतं आणि त्यानं ‘हो, काकांची आहे’ असं उत्तर दिलं होतं. तेवढं एक वाक्य चोरीच्या मदतीच्या आरोपासमोर ढालीसारखं उभं राहिलं असतं. कारण न्याय संहितेच्या कलम 45 प्रमाणे मदत म्हणजे गुन्हा सोपा व्हावा म्हणून केलेली आणि ज्यामुळे तो सोपा झाला अशी कृती. गाडी त्याच्या घरची आहे असं समजून सांगणाऱ्यानं चोरी सोपी व्हावी म्हणून सांगितलं, हे सिद्ध करणं अवघड आहे.

अजून एक धागा तुमच्या वकिलानं धरावा. दार उघडणं म्हणजे गाडी नेणं नव्हे. चिपची चावी लागणाऱ्या गाडीचं इंजिन नुसतं दार उघडून सुरू होत नाही. मग ती सुरू कुणी करून दिली? की ओढून नेली? याचं उत्तर तपासात काय आलंय ते बघा. न्याय संहितेचं साध्या चोरीचं कलम 303 लावलंय की वाहनचोरीचं 305, यानेही फरक पडेल. खासगी मोटारीला 305 लागतं का, यावर वाद घालायला जागा आहे.

ग्रुपची काळजी फार करू नका. सदस्यानं काही केलं म्हणून ॲडमिन आपोआप दोषी होत नाही, समान हेतू दाखवावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये म्हटलंय. तो निकाल आक्षेपार्ह मजकुराबद्दलचा होता, पण तत्त्व उपयोगी पडेल. चारचौघांत सगळ्यांसाठी सांगितलेली युक्ती आणि एकाच्या कानात एका गाडीबद्दल सांगितलेली युक्ती, या दोन गोष्टी कोर्ट एका तागडीत तोलणार नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तरही तिथंच आहे. माहिती सांगणं गुन्हा नाही, आणि ती दडवून ठेवावी असं माझं मत नाही. पुरात गाडीत अडकलेली कागदपत्रं, औषधं ज्यांना अशा मंडळींनी काढून दिली, त्यांनाच विचारा. पण कुणाला सांगतोय, कशासाठी सांगतोय, हे विचारायचं आणि विचारल्याची खूण ठेवायची. कोर्टाच्या वाटेवर ज्या चावीवाल्याकडून मी चाव्या करून घेतो, तो आरसी बघितल्याशिवाय गाडीला हात लावत नाही. मालकाचं नाव, गाडीचा नंबर, तारीख वहीत लिहून सही घेतो. त्याला कुठल्या कायद्यानं शिकवलं नाही, बापानं शिकवलं. इंग्लंड आणि हॉलंडच्या तीन संशोधकांना गाड्यांच्या चिपच्या चावीतला कच्चा दुवा सापडला. त्यांनी चिप बनवणाऱ्यांना 2012 मध्ये, प्रसिद्धीच्या कितीतरी महिने आधी कळवलं. तरी 2013 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं त्यांचा निबंध रोखला आणि अखेर 2015 मध्ये एक वाक्य वगळून तो छापला गेला. त्यांना चोर कुणी ठरवलं नाही, कारण कधी, कुणाला, काय सांगितलं, याची नोंद त्यांच्याजवळ होती. तुमच्याजवळ ती होती आणि तुम्ही ती पुसलीत.

पूर्ण पुसली गेली नसावी, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. दोन-अडीच दिवस उलटून गेलेला मेसेज व्हॉट्सॲपवर सर्वांसाठी काढताच येत नाही. तुम्ही तुमच्याकडची प्रत काढलीत. त्या मुलाच्या जप्त फोनात ती बहुधा जशीच्या तशी आहे. म्हणून तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की त्या फोनमधलं संपूर्ण चॅट आणि अख्खी व्हॉइस नोट, साक्ष अधिनियमाच्या कलम 63 च्या (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या) प्रमाणपत्रासह, तपासात घ्यावी. नुसते स्क्रीनशॉट नकोत. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. चॅट तुम्ही काढलंत हे त्यात आपणहून लिहायचं की नाही, ते वकिलाला कागद दाखवून ठरवा.

तुमचा फोन आहे तसा ठेवा. ॲप काढून पुन्हा घालू नका, रिसेट करू नका, बॅकअपशी खेळू नका. फोन दिलात तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागा. तो परत कधी मिळेल ते मला विचारू नका. प्रयोगशाळेत गेलेल्या मुद्देमालाची वर्षानुवर्षं वाट बघणारे अशील माझ्याकडे आहेत आणि त्यांना तोंड दाखवायची मला लाज वाटते.

स्कूटरच्या डिकीत हत्यारांची पिशवी असते म्हणता, ती आजच घरात ठेवा. रात्री घरफोडीची हत्यारं सापडली, तर ती रास्त कारणासाठी आहेत हे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 122 प्रमाणे तुम्हाला दाखवावं लागतं. तुमची हत्यारं त्या व्याख्येत बसतात का, यावर आत्ता वाद ओढवून घेऊ नका.

शुक्रवारी जा. शनिवारचा कागद हातात मिळालेला आहे, आता बजावणीची सबब उरलेली नाही. गैरहजर राहिलात तर 35(6) खाली अटकेचा रस्ता तुम्हीच मोकळा कराल. हजर राहिलात तर लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. अटकपूर्व जामिनाची गरज वाटलीच, तर सांगलीतल्या विजयनगरच्या सत्र न्यायालयात जाता येईल, आणि तिथं नाही झालं तर आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे.

आणि आजच दोन्ही कागदांचे फोटो पाठवा, बुधवारच्या पीडीएफचा आणि शनिवारच्या कागदाचा. माथ्यावरचा आकडा वाचता येईल असे. मागची बाजूही पाठवा.