आरोग्य प्रश्नोत्तरे : प्रत्यारोपणानंतरचा पांढरा चट्टा

प्रश्न : ल्युकेमियामुळे (रक्ताच्या कर्करोगामुळे) माझ्या धाकट्या भावाचे ११ वर्षांपूर्वी स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचे) प्रत्यारोपण झाले. त्याआधी सर्वांगाला रेडिएशन दिले होते. पेशी मीच दिल्या होत्या. आता त्याच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आहे आणि साधी आमटीही झोंबते. वाट पाहावी का?

उत्तर : कृपया पाहू नका. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीराविरुद्ध दीर्घकाळ प्रतिक्रिया देत राहिल्या, तर तोंडात असे जाळीदार पांढरे पट्टे उमटतात; यात तुमचा काहीही दोष नाही. परंतु अशा जागी अनेक वर्षांनी क्वचित कर्करोगही उद्भवतो, म्हणून तज्ज्ञांना लवकर दाखवून गरजेनुसार बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) करून घ्यावी. तंबाखू-सुपारी असल्यास आजच सोडावी. रेडिएशनमुळे थायरॉइड मंदावू शकते, मोतीबिंदूही होतो. या दोन्हींची तपासणी दरवर्षी करावी. रेडिएशनच्या मात्रेची नोंद असलेला जुना कागद सोबत न्यावा.