वडील गेल्यानंतरची कागदपत्रं पाहून हातपाय गळतात, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की वडील दोन महिन्यांपूर्वी गेले, वय ५३, एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरीला होते. बँक, पीएफ, विमा, गावची जमीन, सगळं तुमच्या अंगावर आलंय. धाकटी बहीण शिकतेय, आई गप्प असते आणि तुम्ही रोज रात्री फाइल उघडून तशीच मिटता. मी बँकेत मयत खातेदारांच्या क्लेमच्या टेबलावर बरीच वर्षं काम केलंय. तुमच्यासारखी मुलं पिशवीभर कागद घेऊन समोर बसायची. त्यांच्याकडे बघून जे शिकले, तेच सांगते.

आधी ती फाइल चार दिवस कपाटात ठेवा. सगळं एकदम समोर आलं की कुणाचंही डोकं बंद पडतं, त्यात तुम्ही दुःखात आहात. एक साधी वही घ्या आणि प्रत्येक कामाला एक पान द्या. त्या पानावर फक्त पुढची एक कृती लिहायची, अर्ध्या तासात होईल एवढीच. ‘पीएफचं बघणे’ असं लिहिलंत तर ते पान उघडावंसंच वाटणार नाही. ‘कंपनीच्या एचआरला फोन करून बाबांचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) घेणे’ असं लिहिलंत तर होईल. झालं की तारीख टाका, पुढची कृती लिहा, वही मिटा. दिवसाला एक पुरे. एखाद्या दिवशी काहीच जमलं नाही तर ते उद्यावर, त्याचं ओझं घेऊ नका.

पहिलं पान मृत्यूच्या दाखल्याचं. दाखल्याच्या सात-आठ प्रती मागून घ्या, कारण काही ठिकाणी झेरॉक्सवर भागत नाही. दाखल्यावरचं नाव आधार आणि पासबुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एकीकडे ‘ज्ञानदेव’ आणि दुसरीकडे ‘ज्ञानेश्वर’ असेल तर पुढचे सगळे क्लेम तिथेच अडतात. आईचंही तसंच. पीएफमध्ये तिचं नाव लग्नानंतर जसं लावलं तसं आधारवर आहे का, ते बघा. तिच्या स्वतःच्या नावावर खातं नसेल तर ते लगेच उघडा, पेन्शन त्यातच येईल.

दुसरं काम बहुतेक घरांत राहून जातं. बाबांच्या पासबुकात दरवर्षी मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपयांची कपात दिसते का? ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची असते. हप्ता चालू असेल तर नॉमिनीला २ लाख रुपये मिळतात. क्लेम त्याच बँकेत द्यायचा आणि तो लवकर द्यायचा असतो, म्हणून याला पुढे घ्या. कितीतरी आयांना हा विमा होता हेच माहीत नसायचं, आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं.

मग पीएफ. नोकरीत असताना मृत्यू झाला की तीन गोष्टी मिळतात: साठलेली रक्कम, आईला दरमहा पेन्शन आणि ईडीएलआय, म्हणजे पीएफसोबतच असलेला विमा, जो जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत असतो. तिन्हींसाठी आता एकच संयुक्त अर्ज आहे. बहीण २५ वर्षांच्या आत असेल तर तिलाही वेगळी पेन्शन लागते, अर्जात तिचं नाव विसरू नका. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम, कंपनीकडून मागायची. मृत्यू झाल्यावर पाच वर्षांच्या नोकरीची अट लागत नाही, कुणी तसं सांगितलं तर ऐकू नका.

जमिनीसाठी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो, म्हणजे तुमच्याकडे अजून महिना आहे. आजी, म्हणजे बाबांच्या आई, हयात असतील तर हिंदू वारसा कायद्याने त्याही वारस आहेत. त्यांचं नाव आधीच घाला, पुढचे वाद टळतात.

लाइट बिल, गॅस, घरपट्टीवरचं नाव, हे सगळं दिवाळीनंतर केलंत तरी चालेल. कोर्टाचा वारस दाखला कुणीतरी ‘काढूनच ठेवा’ म्हणेल, पण बँक लेखी मागत नाही तोवर त्यामागे धावू नका. नॉमिनी असेल तर बँकेत त्याची सहसा गरज पडत नाही. फक्त बँकेतून नॉमिनीच्या हाती आलेले पैसे सगळ्या वारसांचे असतात, हे घरात बोलून घ्या. आणि बाबांचं एटीएम कार्ड वापरू नका. गरज खरी असली तरी नंतर त्याचा हिशेब द्यावा लागतो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. प्रत्येक फॉर्मवर ‘मयताशी नाते’ असा रकाना असतो आणि तो भरताना दर वेळी हात थांबतो. म्हणून एका बैठकीत एकच फॉर्म भरा. झेरॉक्सचं काम बहिणीला द्या, तिलाही काहीतरी हातात हवं असेल. ‘काय झालं पुढे?’ विचारणाऱ्या नातेवाइकांना ‘चालू आहे’ एवढंच सांगा. आईला मात्र रोजचं झालेलं एक काम वाचून दाखवा. तिने काही उत्तर दिलं नाही तरी चालेल.

झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आईसाठीही लावता येईल.

उद्या सकाळी फक्त पासबुक घेऊन बसा. ४३६ ची नोंद सापडली आणि बँकेने मागितलेला एखादा कागद कळला नाही, तर त्या कागदाचं नाव जसंच्या तसं इथे लिहा, मी सांगेन.