सांडपाणी प्रकल्प सुरू असूनही उन्हाळ्यात नदीला वास का येतो?

वीस हजार वस्तीच्या आपल्या गावात सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प सुरू होऊनही एप्रिलमध्ये नदी काळी पडते, तेव्हा प्रकल्प निकामी समजावा का, असे आपण विचारले आहे. बेळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना घेऊन असे प्रकल्प पाहिले आहेत. माझे मत असे की, दोष प्रकल्पात असू शकतो, पण आधी हिशेब करावा.

गटारयोजना आखताना माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात आणि त्यातले 80 टक्के सांडपाणी होते असे मानतात. त्यानुसार आपल्या गावचे सांडपाणी रोज 21 लाख 60 हजार लिटर, म्हणजे सेकंदाला 25 लिटर होते. घाण कुजवताना जिवाणू जो प्राणवायू ओढून घेतात, त्याचे माप म्हणजे बीओडी. कच्च्या सांडपाण्यात तो लिटरमागे 200 ते 300 मिलिग्रॅम असतो. केंद्राच्या 2017 च्या अधिसूचनेप्रमाणे महानगरे सोडून इतर गावांच्या प्रकल्पांनी तो 30 पर्यंत आणायचा असतो, तर आंघोळीच्या नदीत तो 3 च्या आत हवा. नियमात बसलेले पाणीसुद्धा दहापट घाण असते, ही गोष्ट उद्घाटनाच्या भाषणात कोणी सांगत नाही.

ही दहापट भरून काढते ती नदी. कणकुंबीच्या डोंगरात उगम पावणारी मलप्रभा पावसाळ्यात दुथडी भरून वाहते आणि शिमग्यानंतर डोहाडोहांत अडकते. आपली नदी कोणतीही असो, चित्र फारसे वेगळे नसावे. सेकंदाला 1000 लिटर वाहणाऱ्या, 2 बीओडीच्या नदीत प्रकल्पाचे पाणी मिसळले, तर बीओडी सुमारे 2.7 होतो, हाच प्रवाह 25 लिटरवर आला, तर तो 16 होतो. प्रकल्प तोच, महिना वेगळा.

अर्थात, हे सगळे सांडपाणी प्रकल्पापर्यंत पोहोचले तर. यूजीडीची, म्हणजे भूमिगत गटाराची, पाइपलाइन दारावरून गेली तरी अंगण उकरून जोडणी घ्यायला लोक तयार नसतात आणि सेप्टिक टँकचे पाणी पूर्वीसारखेच गटारातून नाल्याला जाते. म्हणून प्रकल्पावर गेल्यावर प्रथम आवक मीटरची नोंदवही मागावी. कार्यालयातील नोंदी कन्नडमध्ये असल्या तरी आकडे वाचायला अडचण येत नाही. रोज 21 लाखांऐवजी सात लाख लिटर येत असतील, तर उरलेले दोन तृतीयांश कुठे जाते, ते नाल्याच्या तोंडाशी उभे राहून दिसेल.

त्यानंतर हवा सोडण्याच्या टाकीतील पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरून अर्धा तास स्थिर ठेवायला सांगावे. गाळ तांबूस चॉकलेटी असेल, तळाशी बसत असेल, त्याला ओल्या मातीसारखा वास येत असेल आणि वरचे पाणी नितळ दिसत असेल, तर घाण कुजवणारे जिवाणू जिवंत आहेत. एकदा आम्ही गेलो तेव्हा वीज रात्रभर नव्हती आणि जनरेटरला डिझेल नव्हते. टाकीत हवा सोडणारे ब्लोअर बंद पडल्याने गाळ काळा झाला होता आणि सडक्या अंड्यासारख्या वासाने मुलांनी नाकाला रुमाल लावले. आपल्याकडेही असेच आढळल्यास ब्लोअर रोज किती तास चालले, याची नोंद वीजबिलाशी ताडून पाहावी.