घरी रंगवलेल्या ओढणीवर मारलेले पांढरे ठसे धुतल्यावर गुलाबी का होतात?

तुम्ही लिहिलंय की सुती ओढणी घरी गर्द लाल रंगवली, त्यावर पांढऱ्या फॅब्रिक कलरने कमळाचे ठसे मारले आणि पहिल्याच धुण्यात कमळं गुलाबी झाली. ताई, दोष पांढऱ्या रंगाचा नाही. ओढणीतला सुटा लाल रंग निघायच्या आधीच ठसे बसले.

घरी सुती कापड रंगवायला वापरतात तो रिअ‍ॅक्टिव्ह रंग धुण्याच्या सोड्यामुळे सुताला धरतो, पण सगळा नाही. बराचसा पाण्याशीच जुळून धाग्यात नुसता अडकून राहतो. गार पाण्यात कितीही खळबळा, तो पूर्ण सुटत नाही. म्हणून आधी गार पाण्याने रंगवताना घातलेला मीठ-सोडा काढायचा आणि मग जवळजवळ उकळत्या पाण्यात थोडी डिटर्जंट पावडर टाकून ओढणी भिजत ठेवायची. पाणी लालभडक होईल. ते ओतून पुन्हा तेच करायचं. आमच्या जालन्याकडे बोअरचं पाणी जड, त्यात साबणाचा साका कापडावर बसतो. साबणाच्या वडीपेक्षा पावडर बरी. टँकरच्या दिवसांत एवढं पाणी ओतायला जीव होत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. म्हणून गर्द रंगाची कामं मी पावसाळा झाल्यावरच काढते. हे पाणी झाडांना मात्र घालू नका, त्यात मीठ आणि सोडा असतो; संडासात ओता.

मग ओल्या ओढणीचा कोपरा पांढऱ्या सुती चिंधीत ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. चिंधीवर लाली उतरली नाही तरच ठसा हातात घ्या. ही परीक्षा मी कधीच टाळत नाही.

आताची ओढणी टाकून देऊ नका. ठशांचा रंग इस्त्रीने पक्का केला असेल तर सुटी लाली जाईपर्यंत कोमट पाण्यात धुवा, वाळवा आणि बारीक ब्रशने पाकळ्यांच्या कडा पांढऱ्याने उचलून घ्या. आत गुलाबी, कडेला पांढरं. मला तर तेच जास्त आवडेल.

पुढच्या वेळी ठशांसाठी रंग घेताना तो अपारदर्शक आहे ना, हे बघा. पारदर्शक रंग गर्द कापडावर गडप होतो. निळ्यावर पिवळा मारला तर हिरवट दिसतो. पिवळाच हवा असेल तर आधी पांढरा ठसा, तो वाळला की त्याच जागी पिवळा. रंग घट्ट वाटला तर पाणी घालू नका, कडा पसरतात. त्यासाठी मीडियम, म्हणजे रंग पातळ करायचं द्रावण, मिळतं.

ठसा रंगात बुडवायचा नाही. ताटलीत स्पंज ठेवून त्यावर रंग पसरायचा आणि ठसा त्यावर हलकेच टेकवायचा. कापडाखाली घोंगडीची घडी आणि वर जुनी चादर असावी; नुसत्या टेबलावर नक्षीचा मधला भाग उठत नाही. मे महिन्यात स्पंज बघता बघता सुकतो, तेव्हा सकाळी लवकर बसा आणि पंखा बंद ठेवा. भेंडीचा किंवा बटाट्याचा ठसा सरावाला छान. लाकडी हवा तर गुजरातमधल्या पेथापूरचे सागवानी ठसे घ्या.

नक्षी दाटीने भरू नका. हाताने रंगवलेल्या कापडात कुठे गडद, कुठे फिकी अशी जी झाक येते, तीच त्याची शोभा. ती झाकली तर बाजारातलं छापील कापड काय वाईट? अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याचं छत चौकटी-चौकटींत फुलाफळांनी रंगवलेलं आहे. त्यातली एकच चौकट घेऊन पदराला मारा आणि मधलं अंग मोकळं ठेवा.

रंग दिवसभर वाळू द्या. मग उलट बाजूने, वाफ न वापरता, एकेका जागी तीन ते पाच मिनिटं गरम इस्त्री फिरवत राहा. त्यानंतर तीन दिवस तरी धुवू नका आणि पहिलं धुणं वेगळंच करा.