पट्टी उडण्याआधीची दहा मिनिटं

प्रिय मावशी,
मी कोल्हापुरात एका अनुदानित शाळेत दुसरीला शिकवते. नोकरीचं दुसरं वर्ष, वर्गाचा पट अडतीस. त्यातला एक बारका डोक्याला ताप झालाय. लिहायला बसवलं की शेजारच्याला चिमटे काढतो, पट्टी भिरकावतो. सोमवारी फळ्यावरचा उतारा उतरवून घेताना एका मुलीच्या वहीचं पान टराटरा फाडलं. रागावलं की शिवी देतो, तीही मोठ्या माणसांची. बाहेर व्हरांड्यात उभा केला की मात्र गुमान उभा राहतो. पाढे म्हणताना त्याचाच आवाज सगळ्यात मोठा, गोष्ट सुरू केली की पुढं सरकून मांडी घालून बसतो. वडील शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळीला, आई कामाला जाते, न्यायला आजी येते. मी फाटकात तक्रार सांगितली की ती तिथंच पायताण काढते. एकदा माझाही हात उठला, त्या रात्री झोप लागली नाही. आता पालकांच्या ग्रुपवर ‘त्याला शाळेतून काढा’ सुरू झालंय. मी शिक्षिका म्हणून कमी पडतेय का?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

बाई,
कमी पडणाऱ्या शिक्षिकेला पोरगं गोष्टीच्या वेळी पुढं सरकतं हे दिसत नाही. तुम्हाला दिसलं, एवढंच नाही तर तुम्ही ते लिहिलंतही. त्यामुळं हा प्रश्न बाजूला ठेवू आणि पोराकडं वळू.

तुमचं पत्र मी पेन्सिल घेऊन वाचलं. चिमटा, पट्टी, फाडलेलं पान, या सगळ्याच्या आधी काय चाललं होतं? लिहिणं. पाढ्यांना तो पुढारी, गोष्टीला पहिल्या ओळीत. म्हणजे दिवसभर दंगा घालणारं हे पोरगं नव्हे. वही उघडली की त्याचं काहीतरी बिनसतं. आणि तुमचा व्हरांडा! त्याला लिहायचं नसतं, तो पट्टी फेकतो, तुम्ही त्याला बाहेर काढता, लिहिणं टळतं. तुमच्या लेखी ती शिक्षा, त्याच्या लेखी सुटका. गुमान उभा राहणारच की! तो हे ठरवून करतो असं मी म्हणत नाही, सात वर्षांचं पोर एवढा हिशेब मांडत नाही. पण कशानं सुटका होते हे त्याच्या अंगवळणी पडलंय.

आठवडाभर एक छोटी वही ठेवा. ‘आज फार त्रास दिला’ असलं काही लिहू नका, त्यातून हाती काही लागत नाही. ‘साडेअकरा, फळ्यावर पाच ओळी, दुसऱ्या ओळीला पट्टी फेकली, बाहेर पाठवला’ असं लिहा. आधी काय झालं, त्यानं काय केलं, मग काय मिळालं. अडतीस पोरं सांभाळून एवढं होतं, दोन ओळींचं काम आहे.

त्याच आठवड्यात आणखी एक बघा. एक दिवस पाच ओळी फळ्यावरून उतरवायला द्या, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच ओळी कागदावर लिहून त्याच्या वहीशेजारी ठेवा. जवळचं नीट उतरवत असेल तर आधी डोळे तपासून घ्या. लहान मुलं ‘मला दिसत नाही’ असं सांगत नाहीत, सगळ्यांना असंच अंधुक दिसतं असं त्यांना वाटतं. दोन्हीकडं अडत असेल, अक्षरं गाळत असेल, पेन्सिल मुठीत आवळून धरत असेल, चार शब्दांत हात झटकत असेल, तर अडचण लिहिण्यातच आहे. तेव्हा मुख्याध्यापकांमार्फत समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षकांना बोलवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, त्यांनाही दाखवा. पण त्यांची वाट बघत बसू नका, डोळे सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातही तपासून मिळतील.

स्टाफरूममध्ये कुणीतरी ‘हायपर आहे तो’ असा शिक्का मारलाच असेल. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि एका जागी बसणं अवघड जाण्याच्या स्थितीचं, निदान डॉक्टर करतात, आणि ते करताना फक्त वर्गातलं नाही, घरातलं वागणंही विचारतात. तो गोष्टीला शांत बसतो म्हणून ते नाहीच, असंही म्हणता येत नाही. आपण शिक्का मारायचा नाही आणि पुसायचाही नाही.

वर्गात मात्र उद्यापासून बदल करता येईल. त्याला पुढच्या बाकावर घ्या. इतरांना पाच ओळी, त्याला दोन. पट्टी उडायच्या आधी तो चुळबूळ करत असणार, तेवढ्यात त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहा. आणि त्याला मागायला शिकवा: ‘बाई, थांबू?’ असं विचारलं की दोन मिनिटं खडू लावून ठेवायचे, पाणी पिऊन यायचं, मग पुन्हा वही. सुरुवातीला प्रत्येक वेळी हो म्हणा, त्यात कंजुषी नको. सुटी मागून मिळते म्हटल्यावर फेकाफेकीचं काम उरत नाही. मग हळूहळू दोनाच्या तीन ओळी करा.

व्हरांडा बंद केलात की पहिले काही दिवस त्याचा जोर वाढेल. नेहमीचा उपाय चालेना म्हटल्यावर तो आणखी मोठ्यानं करून बघणार. तिथं बहुतेक जण हात टेकतात. तुम्ही टेकू नका. नुसतं ‘शाब्बास’ही नको, त्यातून त्याला कळत काहीच नाही. ‘हा ळ बघ कसा गोल आलाय’ असं बोट ठेवून सांगा.

भडका उडाला तर आवाज खाली, शब्द कमी, आणि शेजारचं पोर बाजूला. ‘का केलंस?’ हे त्या वेळी विचारून उपयोग नाही. शिवीवर भर वर्गात प्रवचनही नको. (आपल्याकडं शिवी मायेनंही देतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं!) तो निवला की बाजूला घेऊन सांगा, हा शब्द वर्गात चालणार नाही, राग आला तर काय म्हणायचं ते ठरवू. सांडलेलं मात्र त्यानंच उचलायचं, तुम्ही सोबत उचला.

हात उठला त्याबद्दल: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. त्याला एकट्याला गाठून ‘माझं चुकलं’ म्हणा. त्यानं तुमचा धाक जाईल असं सहकारी म्हणतील, म्हणू देत. आणि ‘काढा’ म्हणणाऱ्या पालकांना मुख्याध्यापकांनी सांगावं की त्याच कायद्याचं कलम १६ आठवी होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढू देत नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या गावात आता पालकच पोरगं काढा म्हणतात, याचा मला रागच आला.

आजीला फाटकात काही सांगू नका. चार लोकांसमोर ऐकून घ्यावं लागतं, ती लाज ती पायताणानं भागवते. आत बोलवा, बसायला खुर्ची द्या, आधी पाढ्यांचं कौतुक सांगा. मग विचारा: बाप दिवसा झोपलेला असतो तेव्हा हा कुठं खेळतो? कधी झोपतो? घर एका खोलीचं असेल तर दुपारभर ‘गप बस, बाबा उठतील’ हेच ऐकत असेल. मी अंदाज करतेय, उत्तर आजीकडं आहे.

आणि जिची वही फाडली, त्या मुलीचं तुमच्या पत्रात पुढं काहीच नाही. तिच्या आईला तुम्ही स्वतः फोन करा. झालं ते सांगा, तिला दुसऱ्या बाकावर बसवलंय हे सांगा, पान त्याच्याकडून चिकटवून घेतलं असेल तर तेही सांगा. ग्रुपवर मात्र त्या पोराचं नाव घेऊन एक ओळही लिहू नका.
— मावशी